पेव्हर खचतो तो खालून: ठाणे-नवी मुंबईच्या पावसात टिकेल असं अंगण

ऐरोली, नेरूळ किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने फेरी मारा. गेटच्या आत गाड्या वळतात तिथे पेव्हरमध्ये दोन लांबट खळगे पडलेले दिसतील, त्यात पाणी. चेंबरच्या झाकणाभोवतीचे ब्लॉक इंचभर खाली गेलेले. एखाद्या ब्लॉकवर पाय ठेवावा तर शेजारच्या फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी थेट चपलेवर. तो ब्लॉक उचलून पाहिला तर बहुतेक वेळा धडधाकट निघतो. बिघडलेलं असतं ते त्याच्या खालचं.

पेव्हर बसवायचा म्हणून इंटरनेटवर शोधलं की कॅनडा-अमेरिकेचे व्हिडिओ पुढे येतात. तिथला शत्रू म्हणजे गोठणारं पाणी. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं. शिवाय बारीक मातीत बर्फाचे थर तयार होताना ते खालून आणखी पाणी ओढून घेतात आणि जमीनच वर फुगते. थंडी सरली की तीच माती भिजून मऊ पडते आणि अंगण वेडंवाकडं होतं. म्हणून तिथले कारागीर फूट फूट खोदून पाणी न धरणारी खडी भरतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही, पण वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. भिजलेल्या मातीवरून चाक फिरलं की काय होतं, हे दोन्हीकडे सारखंच. तेव्हा त्यांची खोदाईची आणि खडीची शिस्त जरूर उचलावी. सांध्यात भरायची पॉलिमरवाली वाळू मात्र उचलू नये. ती नीट धरायला कोरडं हवामान लागतं आणि आठवडेच्या आठवडे ओली राहिली तर मऊ पडते.

आधी पाण्याची वाट

समजा खारघरमधल्या एका रो-हाउसचं पुढचं अंगण आहे. घरापासून गेटपर्यंत २० फूट, रुंदी १५ फूट, एक गाडी उभी राहते. पुढचे सगळे आकडे या ३०० चौरस फुटांसाठी आहेत.

कुदळ मारण्यापूर्वी पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन दोन उंच्या ठरवायच्या: घराच्या जोत्यापाशी फरशी कुठे येणार आणि गेटपाशी कुठे. उतार दर ५ फुटांना १ इंच ठेवावा, म्हणजे २० फुटांत ४ इंच. यापेक्षा कमी ठेवला तर ब्लॉकच्या बारीकसारीक उंचसखलपणातच पाणी अडकतं. घरापाशी पेव्हरची पातळी जोत्याच्या किमान ६ इंच खाली असावी. मग निळीच्या दोरीने भिंतीवर रेघ मारून घ्यायची, म्हणजे पुढे कुणाच्या अंदाजावर काम चालत नाही.

आता आपल्याकडचं खास दुखणं. बाहेरचा रस्ता काँक्रीटचा होतो तेव्हा बऱ्याचदा उंचही होतो. मग अंगणातलं पाणी बाहेर जाणं राहिलं बाजूला, रस्त्याचंच पाणी आत येतं. अशा वेळी उतार गेटकडे देऊन उपयोग नाही. गेटच्या आत आडवी, जाळीची झाकणं असलेली पन्हळ काढून ती पावसाळी गटाराला जोडावी लागते. (सांडपाण्याच्या ड्रेनेज चेंबरला जोडू नका. मोठ्या पावसात तिथलं पाणी उलटं अंगणात येतं.) दुसरी खोड सोसायट्यांची: जुने पेव्हर न काढता त्यावर वाळू पसरून नवे बसवायचे. दर वेळी पातळी चार-पाच इंच चढते आणि दोन-तीन फेऱ्यांत तळमजल्याची घरं खड्ड्यात जातात. खोदाईचे पैसे वाचतात खरे, पण पुढे पावसाळ्यात तळमजल्यावर पंप लावावा लागतो.

खाली जमीन कोणती?

येऊरच्या पायथ्याची किंवा खारघरच्या टेकड्यांजवळची जमीन बहुधा मुरमाची, खाली काळा दगड. ती चांगलीच. वाशी किंवा ऐरोलीच्या खाडीकडच्या बाजूला वर भराव आणि खाली खाडीची मऊ चिकणमाती. तिसरा प्रकार सगळीकडे सापडतो: बांधकामाचा राडारोडा टाकून सपाट केलेली जागा. यात विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, मधेच पोकळी असते.

साधी तपासणी अशी. मातीचा वरचा थर काढल्यावर पहार उभी धरून जोरात मारायची. दोन-तीन इंचांत अडली तर जमीन घट्ट आहे. लोण्यात सुरी जावी तशी सहा-आठ इंच गेली तर खोदाई वाढवावी लागणार.

घट्ट जमिनीवर खोली अशी येते: ब्लॉक ६० मिमी, त्याखाली वाळू ३० मिमी, त्याखाली खडीचा थर १५० मिमी. एकूण २४० मिमी, साडेनऊ इंच. मऊ जमिनीवर आणखी १५० मिमी खोदून मुरूम किंवा जाड खडीचा थर द्यायचा. त्याआधी तळाशी जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरायचं आणि पट्ट्या एकमेकींवर फूटभर चढवायच्या. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत चिकणमाती खडीत वर चढते आणि खडी चिखलात बुडते. आपण पैसे मोजून आणलेला थर मग कुठे दिसतच नाही.

खाडीच्या भरावावर एक गोष्ट मनाशी पक्की करावी. खोलवरची माती वर्षानुवर्षं हळूहळू बसत राहते. अंगणाचा थर कितीही चांगला केला तरी ते थांबत नाही. अशा जागी टाइल किंवा सलग काँक्रीटपेक्षा पेव्हर बरा, कारण बसलेला भाग उचलून तेच ब्लॉक परत लावता येतात.

खोदाईचा तळही वरच्याच उताराने कापायचा. तळ सपाट ठेवला आणि उतार वाळूने काढला, तर एका टोकाला वाळू एक इंच आणि दुसऱ्या टोकाला पाच इंच होते. पाच इंच वाळू गाडीखाली टिकत नाही. या अंगणातून साधारण ३ ब्रास माती निघेल (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट; मोकळी झाली की माती फुगते). ती कुठे जाणार हे आधी ठरवा. खाडीकाठच्या खारफुटीत नेऊन ओतणं हा गुन्हा आहे, आणि ‘टाकतो कुठेतरी’ म्हणणारा टेम्पोवाला बहुतेक वेळा तिथेच जातो.

खडीचा थर

इथे डब्ल्यूएमएम (वेट मिक्स मॅकाडम) मागवावं. यात ४० मिमीपासून भुग्यापर्यंत सगळ्या मापाची खडी ठरलेल्या प्रमाणात असते. नुसती एकाच मापाची मेटल टाकून वर मुरमाने भरून घेण्यापेक्षा हे बरंच एकसारखं दबतं. १५० मिमी दाबलेल्या थरासाठी १५० घनफूट लागतात. दबताना खडी चतुर्थांशाच्या आसपास कमी होते, म्हणून २ ब्रास सांगावी.

सगळी खडी एकदम ओतून वरून मशीन फिरवणं ही नेहमीची चूक. छोट्या प्लेट कॉम्पॅक्टरचा दाब सहा इंच खाली पोचतच नाही. वरचे तीन इंच दगडासारखे होतात, खालचे भुसभुशीत राहतात. म्हणून ७५-७५ मिमीचे दोन थर, प्रत्येकावर मशीनच्या चार ते सहा फेऱ्या. पाणी किती मारायचं? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. भिंतीच्या कडेला, चेंबरभोवती आणि पाइपलाइनच्या चरावर मशीन नीट बसत नाही. तिथे हाताने धुम्मस मारायचं. तुमच्या अंगणात पेव्हर पुढे कुठे खचला तर आधी याच तीन जागा पाहा.

थर झाला की १० फुटी सरळ पट्टी ठेवून पाहायचं. पट्टीखाली १० मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर ती खडीनेच भरून पुन्हा दाबायची. वाळूवर सोडायचं नाही.

‘साहेब, कच टाकू, दाबून बसते’

ब्लॉकखालच्या वाळूच्या थराबद्दल हे वाक्य ऐकलं की काम थांबवावं. कच म्हणजे खडी फोडताना निघणारा भुगा. कोरडी असताना ती छान दाबून बसते, म्हणून एप्रिलमध्ये काम अगदी सुरेख दिसतं. पण तिच्यात पिठासारखी धूळ भरपूर असते. पेव्हरच्या सांध्यांतून पाणी खाली जातंच, कुणी काही म्हणो. ते या धुळीत अडकतं आणि कचेचा गारा होतो. मग गाडीचं चाक आलं की ब्लॉक खाली दाबला जातो, गारा सांध्यातून वर उडतो. चपलेवर येणारी पिचकारी ती हीच. दर पिचकारीबरोबर ब्लॉकखालचा थोडा आधार निघून जातो. ऑगस्टपर्यंत खळगा तयार.

दुसरी शिफारस येते ती वाळूत कोरडं सिमेंट मिसळण्याची. ऐकायला मजबूत वाटतं. पण तो थर एकसंध नसतो, कुठे घट्ट तर कुठे पोकळ राहतो. पाणी खाली जायला वाट राहत नाही, आणि चाकांखाली तुकडे पडले की तुकड्यांवर ब्लॉक डुगडुगतात. पुढे महानगर गॅसची किंवा पाण्याची लाइन टाकायला खोदलं तर ब्लॉकच्या बुडाला सिमेंट चिकटलेलं असल्याने अर्धे ब्लॉक फुटूनच निघतात.

हवी ती धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), ४.७५ मिमीच्या आतली. गाडी खाली करण्यापूर्वी तपासायला पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी पुरते. बरणीत १० सेंटिमीटर वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून दोन-तीन तास ठेवून द्यायचं. वाळू तळाशी बसते, गाळाचा वेगळा थर तिच्या वर दिसतो. तो अर्ध्या सेंटिमीटरहून जाड असेल तर गाडी परत पाठवा. खाडीतून उपसलेली रेती घेऊ नका, तिच्यातलं मीठ वर येऊन डाग पडत राहतात. ३०० चौरस फुटांना अर्धा ब्रास वाळू पुरते.

या वाळूत उतरलेलं पाणी शेवटी उताराच्या टोकाला, कर्बपाशी (कडेला आधार म्हणून बसवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांपाशी) जमतं. तिथून त्याला बाहेर काढणारी जागा बहुतेक कामांत नसतेच. कर्ब बसवताना दर तीन-चार फुटांवर पाऊण इंची पाइपचा तुकडा वाळूच्या तळाच्या पातळीला आरपार घालायचा आणि आतल्या तोंडावर जिओटेक्स्टाइलचा चौकोन लावायचा, म्हणजे पाणी जातं आणि वाळू राहते. सामानाचा खर्च किरकोळ आहे, पण आठवण करून दिल्याशिवाय कुणी हे करत नाही.

कर्ब आधी, ब्लॉक नंतर. पेव्हरची ताकद एकमेकांना घट्ट खेटून राहण्यात आहे. कडेला आधार नसेल तर ब्लॉक दर फेरीला केसभर सरकतात आणि सांधे उघडतात. कर्ब काँक्रीटच्या बेडवर बसवून मागच्या बाजूने निम्म्या उंचीपर्यंत काँक्रीटचा टेकू द्यायचा. नुसता मातीत रोवलेला कर्ब पहिल्याच पावसाळ्यात बाहेर कलतो.

ब्लॉक कसा ओळखायचा

यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. त्यात फक्त चालण्यासाठी ५० मिमी जाडी आणि एम-३० (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), घरगुती गाड्या नि पार्किंगसारख्या हलक्या वाहतुकीला ६० मिमी आणि एम-३५, शहरातल्या रस्त्यांसारख्या मध्यम वाहतुकीला ८० मिमी आणि एम-४० असे टप्पे आहेत. घराच्या अंगणाला ६० मिमी ठीक. पण सोसायटीत पाण्याचा टँकर येत असेल तर हिशेब बदलतो. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन असतं. त्याच्या वाटेवर ८० मिमी ब्लॉक आणि खाली किमान १० इंच खडी हवी. घोडबंदरच्या बाजूला हा मुद्दा पहिल्याच बैठकीत काढावा.

बाजारात दोन तऱ्हा दिसतात. रबराच्या साच्यात ओतलेला चकचकीत ब्लॉक आणि मशीनवर दाबून काढलेला खरखरीत ब्लॉक. चकचकीत शोरूममध्ये उठून दिसतो, पावसात त्यावरून पाय घसरतो. घरात म्हातारी माणसं असतील तर त्याच्या वाट्याला जाऊच नये.

मानकाप्रमाणे ब्लॉकने वजनाच्या सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, आणि एकही ब्लॉक ७ टक्क्यांच्या वर जाऊ नये. हे घरीही ढोबळ तपासता येतं. २०० बाय १०० बाय ६० मिमीचा ब्लॉक साधारण २.८ किलोचा असतो. उन्हात नीट वाळलेला ब्लॉक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, २४ तास बादलीत बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा आणि पुन्हा तोला. वजन १७० ग्रॅमच्या आसपास किंवा कमी वाढलं तर चांगला. २०० ग्रॅमच्या वर गेलं तर तो ब्लॉक सच्छिद्र आहे, शेवाळ धरणार आणि कोपरे लवकर झडणार. तीन-चार ब्लॉक तरी तपासा, आणि ते गाडीच्या तळातून निवडा. ब्लॉक किती दिवसांचा आहे हेही विचारा. सीझनमध्ये आठ-दहा दिवसांचा कच्चा माल सर्रास येतो, त्याला पाण्यात पुरेसं मुरवलेलं नसतं.

या मापाचे १,४०० ब्लॉक लागतील, त्यात तोडीतला ५ टक्के जादा माल धरला आहे. वजन जवळपास ४ टन, तेव्हा छोट्या टेम्पोच्या एका खेपेत ते येणार नाहीत.

बसवणं

खरं तर हा सगळ्यात सोपा भाग. दीड इंची दोन चौकोनी नळ्या खडीवर समांतर ठेवायच्या, मधे वाळू ओतायची आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नळ्यांवरून ओढायची. नळ्या काढल्यावर उरलेला चर वाळूने भरायचा. दीड इंच सैल वाळू पुढे दबून ३० मिमीच्या आसपास येते. ओढलेल्या वाळूवर पाय ठेवायचा नाही, आणि त्या दिवशी ब्लॉक लागतील तेवढीच वाळू पसरायची.

सुरुवात सरळ कडेपासून, गुण्या लावून आणि दोरी बांधून. सांधा २ ते ४ मिमी. ब्लॉक अगदी चिकटवून लावले तर सफाईदार दिसतं, पण कडा एकमेकींवर घासून उडतात आणि वाळू आत जायला जागाच उरत नाही. गाडी वळते तिथे हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरपी-उभी गुंफण घ्यावी. नुसत्या सरळ ओळी चाकाच्या रेट्याने सरकतात. कडेला अख्ख्या ब्लॉकची एक ओळ ठेवून कापलेले तुकडे तिच्या आत घ्यायचे. ब्लॉकच्या एक तृतीयांशाहून लहान तुकडा लावू नये, त्याऐवजी शेजारचा ब्लॉकही कापून दोन मध्यम तुकडे करावेत. फटीत सिमेंटचा माल चोपडून वेळ मारून नेली तर तो महिन्याभरात पापुद्र्यासारखा निघतो.

मग प्लेट कॉम्पॅक्टर, तळाला रबरी मॅट लावून. मॅट नसेल तर ब्लॉकच्या कडांचे टवके उडतात. पहिल्या फेरीत फुटलेले ब्लॉक बदलायचे. त्यानंतर बारीक वाळू झाडूने सांध्यांत लोटायची, पुन्हा मशीन, पुन्हा वाळू. दोन-तीनदा, सांधे काठोकाठ भरेपर्यंत. एवढ्या अंगणाला चार-पाच घनफूट बारीक वाळू लागते. ती पूर्ण कोरडी हवी, ताडपत्रीवर पसरून वाळवलेली. ओली वाळू सांध्याच्या तोंडाशी अडकते, खाली पोकळी राहते आणि वरून सगळं भरल्यासारखं दिसतं. म्हणूनच हे काम डिसेंबर ते मेच्या मध्यापर्यंत उरकावं. जूनमध्ये ‘पाऊस उघडला की भरून देतो’ म्हणून सोडलेले सांधे ऑक्टोबरपर्यंत रिकामे राहतात.

झाडाभोवती चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी ठेवा. बदाम किंवा गुलमोहराची मुळं ब्लॉक उचलतातच, आणि झाडालाही पाणी लागतं.

टॉवरच्या पोडियमवर मामला वेगळा. खाली माती नसते, स्लॅब असतो. तिथे उतार वॉटरप्रूफिंगवरच्या थरात हवा आणि पाणी घेणाऱ्या आउटलेटला वाळूच्या पातळीलाही भोकं हवीत. नाहीतर पेव्हरखाली पाणी तुंबतं आणि त्याची खबर खालच्या पार्किंगच्या छतावरून मिळते.

पहिल्या वर्षात

पावसानंतर ब्लॉकवर पांढरं येतं. बहुतेक वेळा तो सिमेंटमधला चुना असतो, एक-दोन पावसाळ्यांत जातो. घाईने अ‍ॅसिड मारू नका, ब्लॉकचा वरचा पापुद्राच खातं. शेवाळ ताठ ब्रशने घासून काढावं. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने ते झटकन निघतं, पण त्याबरोबर सांध्यांतली वाळूही निघते. पंप वापरलाच तर नंतर वाळू भरून घ्या. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की सगळे सांधे पाहून कमी झालेली वाळू पुन्हा भरायची. पहिल्या वर्षी बरीच लागते, पुढे फारशी नाही.

आणि एखादी जागा बसलीच, तर वरून भरत बसू नका. दोन पातळ स्क्रू-ड्रायव्हर समोरासमोरच्या सांध्यांत घालून एक ब्लॉक आलटूनपालटून उचकटायचा. पहिला निघायला वेळ लागतो, बाकीचे हाताने निघतात. खळग्याच्या बाहेर दोन-दोन ओळींपर्यंत ब्लॉक काढायचे, वाळू उपसायची आणि खडीचा थर पाहायचा. खडी घट्ट असेल तर वाळूच गेली होती. ती कुठून गेली ती वाट शोधायची, बहुधा चेंबरच्या भिंतीतली भेग किंवा कर्बखालची फट, आणि ती आधी बुजवायची. खडी खाली गेलेली असेल तर ती काढून जिओटेक्स्टाइल टाकून पुन्हा दाबायची. वाळू ओढताना त्या जागेची पातळी आजूबाजूपेक्षा ५ मिमी उंच ठेवा. मशीन फिरवल्यावर ती बरोबर जागेवर येते.